आटे गेले, आता काय?



आमच्या घरात एक शब्द माणसांसाठीही वापरला जायचा. एखादा गृहस्थ खूप बोलतो, खूप धावपळ करतो, पण काम काही पुढे सरकत नाही, असं दिसलं की बाबा म्हणायचे, "त्याचे आटे गेलेत. नुस्ता फिरूलालाय, घट्ट होईना." आई पदर तोंडाला लावून हसायची. पाहुणे बुचकळ्यात पडायचे. बाबा बेळगावच्या उद्यमबागेत टर्नर होते. घर अनगोळात, सायकलवरून कामावर. लेथवर आटे पाडणं हे त्यांचं रोजचं काम, त्यामुळे जग त्यांना आट्यांतूनच दिसायचं.

ज्यांच्या घरी कुणी कारखान्यात नव्हतं त्यांच्यासाठी सांगते. बोल्टवर बाहेरून आणि नटाच्या किंवा भोकाच्या आतून जी नागमोडी रेघ फिरत वर जाते, ते आटे. ते झिजले, सोलले किंवा वाकडे झाले की बोल्ट कितीही फिरवा, तो पकडत नाही. गाडीचं इंजिन धडधाकट असतं, टायर नवे असतात, आणि एका बोटभर बोल्टामुळे गाडी उभी राहते.

बेळगावला फाउंड्र्यांचं आणि मशीनशॉपचं गाव म्हणतात ते उगीच नाही. उद्यमबागेत ओतीव काम, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिकचे भाग, असं काय काय तयार होतं. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कुठल्याही गल्लीत विचारा, कुणाचे तरी वडील, काका, मामा टर्नर, फिटर, मोल्डर, नाहीतर पॅटर्न बनवणारे. खंडेनवमीला घरोघरी पाने, हातोडे, मायक्रोमीटर पाटावर मांडून हळदकुंकू. बाबांच्या शॉपमध्ये शेजारच्या लेथवरचे काका कन्नड बोलायचे, बाबा मराठी. भांडण झालं तर दोघंही आपापल्या भाषेत. पण "टॅप दे", "चक सैल कर", "पाव फिरव" या बोलण्याला दुभाषा कधीच लागला नाही.

तर गेल्या पावसाळ्यातली गोष्ट.

माझी मुलगी बाबांची जुनी हिरो होंडा स्प्लेंडर घेऊन रोज कॉलेजला जाते. ही गाडी बाबांनी २००५ साली, निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून घेतली. आईला मागे बसवून ते तिच्यावरून सगळीकडे गेले. आई गेली, मग बाबांच्या हाताला कंप सुरू झाला, गाडी चालवणं बंद झालं आणि किल्ली नातीकडे आली. जूनमध्ये तिनं एका गॅरेजात ऑइल बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडीखाली रुपयाएवढा काळा डाग. तिसऱ्या दिवशी बशीएवढा. गॅरेजवाल्यानं परत पाना लावला, बोल्ट गोल फिरत राहिला. मग त्यानं सांगितलं की आटे गेलेत, इंजिन पूर्ण उघडून खालची केस बदलावी लागेल. खर्चाचा जो आकडा दिला तो ऐकून माझा पुण्यातला भाऊ फोनवर म्हणाला, "एवढ्यात ती गाडी तरी येईल का? भंगारात दे आणि पोरीला नवी स्कूटर घे. आणि बाबांची ती लोखंडी पेटीही देऊन टाक, नुसती जागा अडवते."

भावाचं व्यवहाराच्या दृष्टीनं चूक नव्हतं. फोन स्पीकरवर होता. बाबा काही बोलले नाहीत. पण जेवल्यावर चष्मा शोधून अंगणात गेले आणि म्हणाले, "बोल्ट काढून दाखव मला."

आता जे सांगते ते बाबांनी त्या आठ दिवसांत आम्हा दोघींना सांगितलेलं आहे. त्यांचे हात थरथरतात म्हणून हात मुलीचे, डोकं त्यांचं, आणि दिवा धरायला मी. लहानपणी रविवारी बाबा गाडी उघडून बसले की "दहाचा पाना दे, चौदाचा दे" एवढंच माझं काम असायचं. पाना उचलला की आकडा न वाचता कळायचा. ते अजून विसरलेले नाही.

पहिला धडा : रोग कुणाला आहे ते आधी बघा. आटे बोल्टचे गेलेत की भोकाचे? आमच्या बोल्टावर चांदीच्या तारेसारखी एक पातळ गुंडाळी अडकलेली होती. बाबांनी नखानं ती सोडवली आणि म्हणाले, "हे बघ, हे इंजिनचं मांस." म्हणजे बोल्टचे पोलादी आटे शाबूत होते, त्यांनी केसचे ॲल्युमिनियमचे आटे सोलून बाहेर आणले होते. बहुतेक वेळा असंच होतं. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांची कुस्ती लावली तर कोण हरणार हे ठरलेलंच आहे. बोल्ट खराब असेल तर प्रश्न सोपा, नवा बोल्ट आणा. भोक खराब असेल तर विचार करावा लागतो.

दुसरा धडा : हे झालं कशानं? त्यांनी बोटं मोडून कारणं सांगितली. एक, बोल्ट तिरका लावला आणि पहिल्यापासून पान्यानंच दामटला. दोन, खालचा वॉशर जुनाच ठेवला. तो दबून कडक झालेला असतो, त्यामुळे ऑइल पाझरतं, मग मेकॅनिक अजून आवळतो, पुन्हा पाझरतं, पुन्हा आवळतो. तीन, पान्याला पाइप लावून आवळला. इथं त्यांनी मुलीला हिशेब करायला लावला. या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर जोर पुरतो. सतराचा पाना वीस सेंटिमीटर लांबीचा धरला तर टोकाला साडेबारा किलोचा भार, म्हणजे मनगटाचा बेताचा दाब. त्याच दाबानं ६० सेंटिमीटरचा पाइप लावून आवळलं तर जोर तिप्पट, ७५. "पाना लांब, अक्कल आखूड," बाबा म्हणाले.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली. बोल्टाला दहा आटे असले तरी ते भार सारखा वाटून घेत नाहीत. डोक्याच्या बाजूचे पहिले तीन-चार आटेच बहुतेक ओझं उचलतात. म्हणून जास्त आवळला की आधी ते सुटतात, मग भार पुढच्यावर, मग ते सुटतात. एकदा रांग तुटली की सगळी तुटते. तुम्हाला आवळताना घट्ट होत होत अचानक हलकं लागलं, तर तिथंच थांबा. तो बोल्ट घट्ट झालेला नसतो, आटे सुटायला लागलेले असतात.

तिसरा धडा : माप. पेटीतून पिच गेज निघालं. चाकूसारखी पाती एका डबीत दुमडलेली, प्रत्येक पात्याला करवतीसारखे दात. बोल्टावर एकेक पातं लावून बघायचं, ज्याच्यातून उजेड दिसत नाही ते माप. आमचा निघाला १२ मिलीमीटर जाडीचा, दीड मिलीमीटर पिचचा. पिच म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर. नुसतं "बाराचा बोल्ट द्या" म्हणून चालत नाही, कारण बाराचा बोल्ट पावणेदोन पिचचाही येतो, दीडचाही आणि सव्वाचाही. घरच्या गाड्यांत नेहमी भेटणारी मापं तिनं वहीत लिहून घेतली : ६ ला १ पिच, ८ ला सव्वा, १० ला दीड किंवा सव्वा. भोक पाडून नवे आटे पाडायचे असतील तर ड्रिलचा हिशेब सोपा आहे. जाडीतून पिच वजा करा. ६ च्या बोल्टाला ५ चं ड्रिल, १० ला दीड पिच असेल तर साडेआठ, ८ ला पावणेसात, दुकानात त्यासाठी ६.८ चं मिळतं.

पेटीच्या तळाशी काही पाने होते ज्यांच्यावर आकड्याऐवजी अपूर्णांक आणि इंग्रजी डब्ल्यू अक्षर. मुलीनं विचारलं हे कुठले. ते व्हिटवर्थचे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली आट्यांचं एक ठरावीक माप सुचवलं, त्याआधी जो तो कारखाना आपापले आटे पाडायचा. त्याचा कोन ५५ अंशांचा. आपल्या आजच्या मेट्रिक आट्यांचा ६०. जुन्या बुलेटमध्ये ब्रिटिश आटे, ॲम्बेसेडर आणि जुन्या जीपमध्ये इंचाचे पण ६० अंशांचे वेगळेच. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण गाड्या आणि मशिनं कायदा वाचून बदलत नाहीत. बाबांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं तिन्ही मापं एका बाकावर ठेवून गेली. गंमत अशी की पाच-सोळांश इंचाचा बोल्ट आणि ८ मिलीमीटरचा बोल्ट हातात घेतले तर फरक कळत नाही, जाडीत केसाएवढंच अंतर. पण एकाच्या भोकात दुसरा घातला की दोन आटे जातो आणि अडतो. तिथं जो जोर लावतो तो भोक घालवतो. "अडला तर मागं ये," हे बाबांचं वाक्य मुलीनं त्या आठ दिवसांत पन्नासदा ऐकलं असेल.

चौथा धडा : उपाय कुठला? आटे थोडेसेच दुखावले असतील तर नवे पाडायची गरज नसते, जुने सरळ करून घ्यायचे असतात. त्यासाठी चांगल्या बोल्टालाच हॅक्सॉनं उभ्या दोन-तीन चिरा पाडायच्या, कडा कानशीनं साफ करायच्या, ऑइल लावून हातानं आत-बाहेर फिरवायचा. कचरा चिरांमध्ये गोळा होतो. गंजलेल्या आट्यांना हे पुरतं. पाते फार धारदार असलेला टॅप अशा जागी घातला तर तो असलेला मालही खरवडतो.

आमचे तर पूर्ण गेले होते. लोकांनी सुचवलेले उपाय असे : टेफ्लॉन टेप गुंडाळा, एम-सील लावा, नाहीतर स्वतःचे आटे स्वतः कापत जाणारा जाडा बोल्ट मिळतो तो ठोका. बाबांनी तिन्हींवर काट मारली. टेप पाणी अडवते, भार उचलत नाही. एम-सील लावल्यावर पुढच्या वेळी ऑइल कुठून काढणार? आणि तो जाडा बोल्ट सरळ जाईलच याची खात्री नाही, शिवाय पुढच्या वेळी त्याहून जाडा शोधावा लागतो.

राहिले दोन खरे उपाय. एक, भोक साडेबाराचं करून १४ चे दीड पिचचे आटे पाडायचे आणि १४ चा बोल्ट लावायचा. दुसरा, हेलिकॉइल. म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या चौकटी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी. भोक थोडं मोठं करून खास टॅपनं आटे पाडायचे, त्यात ही गुंडाळी बसवायची, आणि गुंडाळीच्या आत पुन्हा मूळ बाराचेच आटे मिळतात.

मला वाटलं कॉइलनं भोक कमी मोठं होत असेल. तसं नाही. बाबांनी कागदावर मांडून दाखवलं, बाराच्या कॉइलसाठीही बाहेरचे आटे जवळजवळ चौदाचेच होतात. मग कॉइलच का? तर १४ चा बोल्ट लावला तर तो पुन्हा ॲल्युमिनियमवरच घासणार, आणि पुन्हा आटे गेले तर पुढे भिंतीत जागा नाही. कॉइलमध्ये बोल्ट स्टीलवर घासतो, ॲल्युमिनियमला हात लागत नाही. उद्या कॉइल खराब झाली तर तेवढीच काढून त्याच भोकात दुसरी. आणि बोल्ट कंपनीचाच राहतो, कुठल्याही दुकानात मिळतो. "दुरुस्ती अशी करायची की पुढच्याला दुरुस्तीला जागा राहील," ते म्हणाले. ते बोल्टाबद्दलच बोलत होते, पण मला ते वाक्य आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टींना लागू वाटलं.

कॉइलचं किट आम्ही आणलं. त्यात ड्रिल, टॅप, कॉइल आणि बसवायची दांडी असते. ड्रिल किटमधलंच वापरायचं, घरातलं "जवळपासच्या मापाचं" नाही.

रविवारी काम काढलं. ऑइल पूर्ण उतरवलं, गाडी दोन फळ्यांवर मेन स्टँडला घेतली, पोत्यावर मुलगी आडवी झाली. ड्रेनचं भोक इंजिनच्या तळाला असतं, त्यामुळे खालून वर काम करावं लागतं. मान दुखते, पण एक मोठा फायदा आहे : कीस खाली पडतो, इंजिनात जात नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं म्हणजे उरलेला कीस त्याला चिकटतो. लेथवर ॲल्युमिनियमला बाबा रॉकेल वापरायचे, पण इथं ग्रीसच. इंजिनात ॲल्युमिनियमचा कीस गेला तर लोहचुंबकानं निघत नाही, हे लक्षात ठेवा. लोखंडासारखं त्याला ओढून घेता येत नाही.

टॅप सरळ जातोय का हे बघायला छोटा गुण्या लावायचा, एकदा पुढून, एकदा बाजूनं. पहिल्या दोन फेऱ्यांत जे ठरतं ते ठरतं. नंतर तिरका टॅप सरळ करायला गेलात तर टॅप मोडतो, आणि भोकात मोडलेला टॅप म्हणजे कडक पोलाद, साध्या ड्रिलला दाद देत नाही. म्हणून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे येताना कीस तुटल्याचा कुरकुर आवाज येतो. बाबा खुर्चीवर डोळे मिटून बसले होते आणि त्या आवाजावरून सांगत होते, "आता पुढं. बास. मागं. ग्रीस लाव." पोरीचा हात त्यांच्या हुकुमावर चालत होता. चाळीस वर्षं ज्या कानांनी लेथ ऐकला ते कान अजून तसेच होते. कंप हातात होता, कानात नव्हता.

आटे पाडून झाल्यावर भोक फडक्यानं पुसलं, वरून थोडं नवं ऑइल ओतून खालून वाहू दिलं. पहिल्यांदा त्यात चांदीचे कण दिसले. पुन्हा ओतलं, अजून थोडे. तिसऱ्यांदा स्वच्छ. हे ऑइल वाया जातं म्हणून हात आखडू नका, इंजिनपेक्षा ते स्वस्तच आहे.

मग कॉइल दांडीवर चढवून हलक्या हातानं फिरवत आत नेली. ती कडेच्या थोडी आत, पाव ते अर्धा आटा आत बसली पाहिजे, म्हणजे वॉशरला अडणार नाही. कॉइलच्या टोकाला एक छोटी आडवी शेपटी असते, दांडी तिलाच पकडून फिरवते. काम झाल्यावर ती शेपटी मोडून काढायची असते. नोज पक्कडीत घट्ट धरून मागं-पुढं हलवली की खाचेवर तुटते. ती मोजून हातात आलीच पाहिजे, आत राहता कामा नये. मुलीनं ती तुटलेली शेपटी बाबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चष्म्यासमोर धरून बघितली आणि काडेपेटीत टाकली.

नवा वॉशर, बोल्ट आधी पूर्ण बोटांनी. बोटांनी शेवटपर्यंत जातो तोच बोल्ट सरळ गेलेला असतो. मगच पाना.

आता पान्यांबद्दल. बाबांची पेटी उघडली तेव्हा मुलीला वाटलं एवढं सगळं लागतं. नाही लागत. घरी गाडी बघणाऱ्यानं काय घ्यावं याची त्यांनी करून दिलेली यादी ही अशी :

१. रिंग पाने आणि फिक्स पाने. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींना ८, १०, १२, १४ आणि १७ पुरतात. शक्य तिथं रिंग वापरा. फिक्स पाना बोल्टाच्या डोक्याला दोनच बाजूंनी धरतो, घसरला की कोपरे गोल करतो. रिंग सगळीकडून धरतो.

२. १० आणि १२ चे टी पाने. आत खोल असलेल्या बोल्टांना दुसरं काही पोचत नाही.

३. सॉकेट घ्यायचे तर सहा कोपऱ्यांचे. बारा कोपऱ्यांचे लवकर बसतात, पण जाम झालेल्या बोल्टाचं डोकं खातात.

४. चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर चांगला घ्या. जपानी घडणीच्या गाड्यांच्या स्क्रूंची चौफुली नेहमीच्या फिलिप्सपेक्षा थोडी वेगळी असते, म्हणून साधा ड्रायव्हर उसळून बाहेर येतो आणि खाच सोलतो. जाम स्क्रूला हातोड्यानं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हवा.

५. टॉर्क रेंच. एकच घेणार असाल तर छोटा घ्या. मोठ्या कारच्या चाकासाठीचा रेंच ६ मिलीमीटरच्या बोल्टावर उपयोगाचा नाही. त्या बोल्टाला १० न्यूटन-मीटरच्या आसपासच पुरतं, आणि सगळ्यात जास्त तेच तुटतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघायचा. काम झालं की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा.

६. पिच गेज, छोटा गुण्या, तिकोनी कानस, तारेचा ब्रश. हे कुणी घेत नाही, आणि खरं काम यांचंच असतं.

"एकशे आठ वस्तूंचा सेट" असं लिहिलेल्या चकचकीत पेट्या घेऊ नका, असं त्यांचं स्पष्ट मत. त्यातल्या नव्वद वस्तूंना कधी हात लागत नाही आणि उरलेल्या अठरा पहिल्या जोराला उघडतात. त्यापेक्षा नाशिकच्या तापडियासारख्या कंपनीचे पाच पाने घ्या, नातवंडांपर्यंत जातील. टॅप-डायचा सेट तर सुरुवातीला घेऊच नये. ज्या मापाचं काम निघेल त्या मापाचा टॅप चांगला घ्यावा. साधा हातानं चालवायचा टॅप तीनच्या संचात येतो. पहिला टोकाशी निमुळता, दुसरा कमी, तिसरा जवळजवळ सपाट, बंद भोकाच्या तळापर्यंत जायला. घाईत थेट तिसरा घालणारे मी बघितलेत, हेही बाबांचंच.

आपल्या बेळगावच्या पावसात बोल्ट गंजून बसतात. त्यांना ओढाताण करू नका. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी डोक्यावर हातोडीचे दोन-तीन हलके ठोके, मग आधी किंचित घट्ट करायच्या दिशेनं आणि मग सैल करायच्या. हललं की पुन्हा तेल.

आणि शेवटची गोष्ट, जी त्यांनी मुलीकडून वदवून घेतली. जे बोल्ट गाडी थांबवतात किंवा सरळ ठेवतात, त्यांच्यावर घरी शिकायचं नाही. ब्रेक, चाकाचा आस, पुढचा फोर्क, हँडल. तिथले आटे गेले तर तो भाग बदलायचा, किंवा रोज तेच काम करणाऱ्याकडे जायचं. ऑइलचा बोल्ट पाझरला तर अंगणात डाग पडतो. ब्रेकचा बोल्ट सुटला तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली टाकलेलं वर्तमानपत्र कोरडं होतं. तिसऱ्या दिवशीही. पुढचं ऑइल मुलीनं स्वतः घरी बदललं, बोल्ट बोटांच्या जोरावर बाहेर आला आणि कॉइल जागची हलली नव्हती. गॅरेजनं सांगितलेल्या खर्चाच्या छोट्याशा भागात काम झालं. भावाला मी फोटो पाठवला. त्याचा फोन आला, म्हणाला, "पेटी राहू दे." मग थोडं थांबून, "बाबांना विचार, माझ्या कारच्या चाकाचा एक नट अडतोय, काय करू?" त्या दिवशी बाप-लेक पाऊण तास बोलले. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं "जेवलात का, औषध घेतलं का" याच्या पुढे जात नव्हतं.

आता पेटी जिन्याखाली नाही, दाराजवळ आहे. पाने पुसून, मापाच्या क्रमानं. व्हिटवर्थचे पाने लागणार नाहीत, तरी तेही तेल लावून ठेवलेत. प्रत्येकावर मुलीनं कागदाची पट्टी चिकटवून मराठीत नाव लिहिलंय : गुण्या, कानस, छन्नी, पक्कड. कॉलेजात या सगळ्यांची इंग्रजी नावं शिकवतात, तीही तिला येतात.

एक विनंती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, गोवा, जिथं जिथं आपली मंडळी आहेत तिथं घरात अशी एखादी पेटी असेल. भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी ती एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर उघडा आणि एकेक वस्तू हातात देऊन विचारा, हे कशाला? आणि तुमच्याकडे पान्याला, आट्यांना, कानशीला काय म्हणतात तेही खाली लिहा. बाबांना वाचून दाखवेन.